कॅचरचा मास्क आणि लोकांचं हसणं

सॉफ्टबॉल या नावातला ‘सॉफ्ट’ हा शब्द पालकांना फसवतो. मुली ज्या चेंडूने हा खेळ खेळतात त्याचा घेर १२ इंच असतो आणि वजन १७८ ते १९८ ग्रॅम. आपल्या ओळखीचा क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे सॉफ्टबॉल सीझन बॉलपेक्षा जड. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, तर मोठ्या मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते, आणि लहान वयोगटात त्याहूनही जवळून. बॅटरच्या मागे उकिडवी बसलेली कॅचर या सगळ्याच्या थेट रेषेत असते. बॅटरला निदान बाजूला व्हायची मुभा आहे. कॅचरला नाही, चेंडू अंगावर घेणं हेच तिचं काम.

माझी बारा वर्षांची भाची खानदेशातल्या एका शाळेत यंदा कॅचर म्हणून निवडली गेली. तासभर उकिडवी बसू शकते आणि चेंडू आला की डोळे मिटत नाही, एवढ्या दोन गोष्टींवर. शाळेत कॅचरच्या साहित्याचा संच एकच, तोही मोठ्या मुलांच्या मापाचा. “मामू, काय काय घ्यायचं ते तुम्हीच सांगा,” असा तिचा फोन आला. मला खेळातलं फारसं कळत नाही, पण कुठलीही वस्तू घेण्याआधी ती आली कुठून हे पाहायची सवय आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी या साहित्याच्या इतिहासात शिरलो. तिथे जे दिसलं ते दुकानात फार उपयोगी पडलं.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७चा, शिकागोतला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण येल आणि हार्वर्ड यांच्यातल्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला जमले होते. निकाल लागल्यावर एकाने मजेत बॉक्सिंगचा ग्लोव्ह दुसऱ्याकडे भिरकावला, त्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅन्कॉक नावाच्या माणसाने ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला, जमिनीवर खडूने रेघा मारल्या आणि खोलीतल्या खोलीत बेसबॉल सुरू झाला. त्या संध्याकाळी चेंडू खरंच मऊ होता. शिकागोत आजही १६ इंची मोठ्या चेंडूचा खेळ उघड्या हातांनी खेळतात. पण खेळ मैदानात आला, चेंडू लहान आणि कठीण होत गेला, पिचिंग वेगवान झालं. १९२६मध्ये वॉल्टर हॅकन्सन यांनी सुचवलेलं ‘सॉफ्टबॉल’ हे नाव रूढ झालं तोवर नावातला मऊपणा मागे पडू लागला होता. असा चेंडू झेलणाऱ्या कॅचरला लागणारं साहित्य मात्र बेसबॉलमध्ये आधीच तयार झालं होतं. त्यामुळे पुढची कहाणी बेसबॉलची.

बेसबॉलचा सुरुवातीचा कॅचर उघड्या तोंडाने, उघड्या हातांनी उभा राहायचा. तोही बराच मागे, कारण टप्पा पडून आलेला चेंडू पकडला तरी तेव्हा चालायचं. बेसवर धावपटू असला की मात्र पुढे यावं लागे आणि मग दात, नाक, बोटं यांचा भरवसा नसे. काही जण तोंडात रबराचा तुकडा धरत. संरक्षण एवढंच.

१८७७च्या एप्रिलमध्ये हार्वर्डचा कॅचर जेम्स टिंग तोंडावर तारांची जाळी बांधून मैदानात उतरला. ही जाळी त्याच्या संघातल्या फ्रेड थेयरने तलवारबाजीच्या मास्कवरून बेतली होती. थेयरला १८७८मध्ये तिचं पेटंट मिळालं. लोकांनी तिला ‘उंदराचा पिंजरा’ म्हटलं, कुत्र्याला मुसकी घातलीय म्हणून ओरडा केला. विचार करा, तलवारबाजीचा मास्क तेव्हा नवा नव्हता. तार होती, कारागीर होते, फुटलेली तोंडं होती. तरी कुणाला ती जाळी बेसबॉलच्या मैदानात आणावीशी वाटली नव्हती. अडचण तंत्राची नव्हती. पहिला मास्क घालणाऱ्याला हसणं सोसावं लागणार होतं, आणि ते सोसायला कुणी तयार नव्हतं.

हे एकदा लक्षात आलं की पुढचा सगळा इतिहास त्याच चालीने जाताना दिसतो. १८७५मध्ये सेंट लुईसच्या चार्ल्स वेटने हाताला चामड्याचा ग्लोव्ह घातला. तो त्याने कातडीच्या रंगाचा घेतला, लांबून दिसू नये म्हणून. ही हकिकत अल्बर्ट स्पाल्डिंगने पुढे लिहून ठेवली आहे. आपल्याला ग्लोव्ह घालायची जरा लाज वाटते असं वेटने त्याच्याकडे कबूल केलं होतं. (याच स्पाल्डिंगने नंतर ग्लोव्ह आणि चेंडू विकून मोठी कंपनी उभी केली.) छातीच्या पहिल्या गाद्या काही कॅचर सदऱ्याच्या आत घालायचे. डेट्रॉइटच्या चार्ली बेनेटबद्दल सांगतात की रोजचे वळ पाहून त्याच्या बायकोने जाड कापडात बुचाच्या लाकडाच्या पट्ट्या शिवून त्याला बंडी करून दिली. हार्टफर्डच्या विल्यम ग्रेने हवा भरून फुगवायचा चेस्ट प्रोटेक्टर काढला. नाणं टाकून बोलायचा सार्वजनिक टेलिफोन काढणारा ग्रे तो हाच. फिलाडेल्फियाचा कॅचर रेड डूइन पायाची गार्ड मोज्यांच्या आत लपवायचा, असा त्याचा स्वतःचा दावा होता.

कातडीच्या रंगाचा ग्लोव्ह, सदऱ्याआडची गादी, मोज्याआडचं गार्ड. दगडासारखा चेंडू अंगावर घेणाऱ्या या माणसांना चेंडूपेक्षा प्रेक्षकांची जास्त धास्ती होती.

पायाचं गार्ड उघडपणे घालण्याचं श्रेय न्यूयॉर्क जायंट्सच्या रॉजर ब्रेस्नहनला देतात. ११ एप्रिल १९०७, हंगामाचा पहिला दिवस, पोलो ग्राउंड्स. ब्रेस्नहन पांढरी, फुगीर गार्ड बांधून आला. ती बेतली होती क्रिकेटच्या पॅडवरून! आपल्या गल्लीतल्या पोरांना जी वस्तू ठाऊक असते ती पाहून न्यूयॉर्कचे प्रेक्षक हसले. काही प्रतिस्पर्ध्यांनी हरकतही घेतली. पण थोड्याच वर्षांत सगळे कॅचर गार्ड घालू लागले आणि पुढे ब्रेस्नहनचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण पायाला गार्ड बांधणारा पहिला खेळाडू ब्रेस्नहन नव्हता. त्याच्या वीस वर्षं आधी बड फाउलर नावाचा एक काळा खेळाडू दुसऱ्या बेसवर खेळायचा. मूळ नाव जॉन जॅक्सन, जन्म १८५८चा. गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळलेला पहिला ज्ञात काळा माणूस. बेसवर सरपटत येणारे गोरे खेळाडू मुद्दाम पाय वर करून बुटांचे खिळे त्याच्या नडगीत घुसवायचे. म्हणून तो पायाला लाकडी पट्ट्या बांधून खेळायचा. फ्रँक ग्रँट या दुसऱ्या काळ्या खेळाडूबद्दलही हेच सांगितलं जातं. ही माहिती आपल्यापर्यंत आली ती नेड विल्यमसन या गोऱ्या खेळाडूमुळे. १८९१मध्ये त्याने ती गमतीचा किस्सा म्हणून सांगितली होती. त्याआधीच, जुलै १८८७मध्ये, इंटरनॅशनल लीगने काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असा ठराव केला होता. थोड्याच वर्षांत दार पुरतं बंद झालं, ते १९४६-४७मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत.

चेंडूपासून वाचायला गार्ड बांधणारा शोधक ठरला. माणसांपासून वाचायला गार्ड बांधणारा हसण्याचा विषय झाला आणि मग विसरला गेला. फाउलर १९१३मध्ये वारला. त्याच्या कबरीवर १९८७पर्यंत साधा दगडही नव्हता. हॉल ऑफ फेममध्ये तो गेला २०२२मध्ये. एखाद्या वस्तूचा इतिहास लिहिताना पेटंट आणि पहिला सामना शोधून थांबलं की अशी माणसं निसटतात, हे आपल्याकडच्या इतिहासातही आपण पाहतोच.

क्रिकेटवाल्यांनी यावर हसू नये. १९६२मध्ये ब्रिजटाउनला चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला, कवटी फुटली, जीव कसाबसा वाचला. त्यांना रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. तरी फलंदाज हेल्मेट घालू लागायला १९७७-७८ उजाडलं. मधल्या पंधरा वर्षांत हेल्मेट बनवता येत नव्हतं असं नाही. रस्त्यावर मोटारसायकलवाले ते घालत होतेच.

मुलींच्या बाबतीत ही कहाणी आणखी वाकडी होते. १९४३मध्ये अमेरिकेत मुलींची व्यावसायिक लीग सुरू झाली. च्युइंग गमवाले रिगली तिचे मालक. सुरुवातीला चेंडू १२ इंची आणि पिचिंग खालच्या हाताने, म्हणजे जवळजवळ सॉफ्टबॉलच. बऱ्याच मुलीही सॉफ्टबॉलमधूनच घेतलेल्या. साउथ बेंडच्या संघातली कॅचर मेरी ‘बॉनी’ बेकर कॅनडातल्या सॅस्कॅचवानची. तिच्या तोंडावर मास्क, छातीवर गादी, पायाला गार्ड आणि मध्ये आखूड स्कर्ट! लीगला मुली ‘मुलींसारख्या’ दिसायला हव्या होत्या. त्यांना चालणं-बोलणं आणि मेकअप शिकवायचा वर्गही ठेवला होता. बेसवर घसरताना उघड्या मांड्या सोलून निघत. थोडक्यात, पुरुषांना संरक्षण घेतलं तर लोक हसत. मुलींना ते पुरतं मिळालंच नाही, कारण त्या कशा दिसाव्यात हे दुसऱ्या कुणी ठरवलं होतं.

पुढे हाच मुद्दा उलटा फिरवून वापरला गेला. १९७२मध्ये न्यू जर्सीच्या होबोकेनमध्ये मारिया पेपी या मुलीला लिटल लीगच्या संघातून बाहेर काढावं लागलं, कारण नियमात मुलीच नव्हत्या. प्रकरण सुनावणीला गेलं तेव्हा लीगच्या बाजूने सांगितलं गेलं की मुलींची हाडं कमकुवत असतात आणि त्यांची प्रतिक्रिया मंद असते. निकाल मुलींच्या बाजूने लागला. १९७४मध्ये लीगने दार उघडलं आणि मुलींसाठी सॉफ्टबॉलही सुरू केला. हाडांची एवढी काळजी असणाऱ्यांनी मुलींच्या मापाचं गार्ड बनवायची सूचना मात्र केली नव्हती. नाजूकपणाचं कारण सांगून दार लावणं सोपं असतं. पुढेही बराच काळ मुलींनी मुलांचंच साहित्य लहान साईझमध्ये घातलं.

गळा सगळ्यांत शेवटी झाकला गेला. ६ सप्टेंबर १९७६ला लॉस एंजलिस डॉजर्सचा कॅचर स्टीव्ह येगर आपल्या बॅटिंगची वाट पाहत उभा होता. समोर बॅट तुटली आणि तिचे तुकडे त्याच्या मानेत घुसले. तो बरा झाल्यावर संघाचे ट्रेनर बिल ब्युलर यांनी मास्कच्या खाली लोंबणारी एक पट्टी लावून दिली. मास्क आल्यावर शंभर वर्षांनी! आणि डोकं, कान, हनुवटी सगळं एकत्र झाकणारा हॉकीच्या गोलकीपरसारखा मास्क मोठ्या लीगमध्ये आला तो १९९६मध्ये, टोरांटोच्या चार्ली ओ’ब्रायनमुळे.

आता दुकानाकडे येतो. या इतिहासातून मी भाचीसाठी एक क्रम काढला: आधी डोकं आणि गळा, मग छाती, मग हात, मग पाय. पैसे एकाच वस्तूचे असतील तर पूर्ण हेल्मेटवाला, हॉकी पद्धतीचा मास्क घ्यावा. नुसती पुढची जाळी आणि वर टोपी हा जुना प्रकार मोठ्यांनाही कमी पडतो. बॅटरची फिरलेली बॅट कानामागेही लागू शकते. जाळीचा खालचा भाग गळ्यापर्यंत येत नसेल तर ब्युलरची ती पट्टी वेगळी मिळते, ती लावलीच पाहिजे. हेल्मेटवर ‘नॉक्सी’ या अमेरिकन मानक संस्थेचा शिक्का आहे का पाहावं. हेल्मेट घालून मान जोरात हलवली तर ते डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. आपल्या मुलींच्या दोन वेण्या असतात, कुणी स्कार्फ बांधते. मैदानात जे असेल तेच डोक्यावर ठेवून माप घ्यावं. स्कार्फ पातळ आणि बिनपिनांचा हवा, कारण हेल्मेटवर चेंडू आदळला की आतली पिन टोचते.

छातीच्या बाबतीत एक गोष्ट पालकांना माहीत असायला हवी. हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या एका विशिष्ट क्षणी छातीवर बसलेला साधा फटकाही हृदयाची लय बिघडवू शकतो, आणि हे लहान वयातच जास्त घडतं. क्वचित घडतं, पण घडलं तर हाताशी मिनिटंच असतात. म्हणून अमेरिकेतल्या शालेय बेसबॉलमध्ये २०२०पासून कॅचरचा चेस्ट प्रोटेक्टर याच धोक्यासाठी ठरवलेल्या मानकाचा असणं सक्तीचं आहे. आपल्याकडे दुकानदाराला विचारलं तर तो ‘एक नंबर माल’ एवढंच सांगेल. शिक्का आपणच शोधायचा. मुलींच्या ठेवणीचा प्रोटेक्टर वेगळा मिळतो. ओटीपोटाचा गार्डही मुलींसाठी मिळतो, पण दुकानात कुणी त्याचं नाव काढत नाही. बरोबर आई किंवा खाला असेल तर तिनेच विचारावं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्या घरांत मुलांचे कपडे वाढत्या मापाचे घ्यायची रीत आहे. ईदचा ड्रेस दोन ईद चालला पाहिजे. कॅचरच्या साहित्याला ही रीत लावू नका. लांब चेस्ट प्रोटेक्टर उकिडवं बसल्यावर वर सरकतो आणि हनुवटीवर आपटतो. मोठं लेग गार्ड पळताना फिरतं आणि नडगीचा बाजूचा भाग उघडा पडतो. माप असं घ्यावं: गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून घोट्यापर्यंत पायाचं, आणि गळ्याच्या खाचेपासून कमरेपर्यंत छातीचं. मग सगळं चढवून मुलीला दुकानातच उकिडवं बसवावं, उठवावं, चार पावलं पळवावं. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

मिटचं माप त्याच्या कडेच्या घेरावर असतं, साध्या ग्लोव्हसारखं लांबीवर नाही. बारा वर्षांच्या मुलीला ३२-३३ इंची पुरतो. सॉफ्टबॉलचाच घ्यावा, बेसबॉलच्या मिटची खोबण लहान चेंडूसाठी असते. उजव्या हाताने फेकणारीचा मिट डाव्या हातात जातो, हे ऑर्डर देताना नीट लिहावं. मोकळा हात पाठीमागे ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. जुन्या कॅचरांची वाकडी बोटं या एका सवयीअभावी वाकडी झाली.

आपाला भाचीचा मास्क घातलेला फोटो पाठवला. तिचा फोन आला, “अरे, पोरीचं तोंडसुद्धा दिसत नाही. लोक हसतील.” मी तिला टिंगच्या पिंजऱ्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “ते अमेरिकेत. इथे बघणारे आपले नातेवाईक आहेत.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचीकडे होतं; तिने सांगितलं की मास्कमुळे तिला कुणी ओळखत नाही, आणि ते तिला आवडतं.

लेग गार्ड नवी घेतली नाहीत. शाळेच्या जुन्या संचात एक लहान जोडी कपाटात मागे पडलेली निघाली, प्लास्टिक शाबूत, फक्त इलॅस्टिक गेलेलं. मोहल्ल्यात बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून नवे पट्टे शिवून घेतले. त्याने हूक आतल्या बाजूला लावले होते. ते उसवून बाहेरच्या बाजूला लावायला सांगितले. हूक आत असले की पळताना दोन्ही पायांची एकमेकांत अडकतात.